जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो इंजिन: तापवायचं कसं, जपायचं कसं

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नव्वदवर आला की बहुतेक मालकांचा पाय आपोआप जड होतो. गाडी तापली, आता दाबायला हरकत नाही, असा हिशोब. पण तो काटा कूलंटचा आहे, ऑइलचा नाही. शिवाय फोक्सवॅगन घराण्यातल्या त्या काळच्या गाड्यांमध्ये हा काटा मुद्दाम 'शांत' ठेवलेला असतो. कूलंट साधारण पंचाहत्तर अंशांवर असो की शंभराच्या वर, काटा मधोमध नव्वदवरच उभा. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून केलेली ही सोय जुन्या टर्बो इंजिनाच्या मालकाला मात्र फसवते. कूलंट पाच किलोमीटरांत तापतं. ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर लागतं.

हा लेख पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएससाठी आहे. २००० च्या दशकाच्या मध्यात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी. १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्ह, छोटा टर्बो. भारतात तिला १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क मिळाला, युरोपातल्या आरएसला १८०. त्या काळी आपल्याकडे पेट्रोलला टर्बो असतो हेच पुष्कळ मेकॅनिकांना नवं होतं, आणि त्याची फळं आज सेकंडहँड गाड्या घेणारे भोगतात. हेच इंजिन थोड्या फरकाने त्या काळच्या ऑडी आणि फोक्सवॅगनमध्येही होतं, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

आपल्याकडे कसली आलीय थंडी?

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आकडे बघा. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइलचा घट्टपणा १०० अंशांना साधारण १३ ते १५ सेंटिस्टोक्स असतो, ४० अंशांना ८० ते ९०. म्हणजे एप्रिलमधल्या नागपूरच्या भर दुपारीसुद्धा, बंद इंजिनातलं ऑइल तापलेल्या इंजिनातल्यापेक्षा सहापट घट्ट. जानेवारीतल्या नाशिकच्या पहाटेची गोष्टच सोडा. बेअरिंगांमधल्या फटी आणि ऑइल पंप यांची मापं शंभर अंशांच्या आसपासच्या ऑइलसाठी ठरवलेली असतात, चाळीससाठी नाही.

दुसरी गोष्ट धातूची. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचे. अ‍ॅल्युमिनिअम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि पिस्टनला तर ज्वाला थेट लागते. थंड इंजिनावर पूर्ण ताकद मागितली की पिस्टन झटकन फुगतो आणि बोअर, म्हणजे तो ज्यात फिरतो ते सिलिंडरचं भोक, मागे राहतो. मधली फट कमी होते, नेमकी तिथली ऑइलची फिल्म त्या वेळी धड बसलेली नसते. हे एका दिवसात दिसत नाही. लाखभर किलोमीटरनंतर ऑइल पिणाऱ्या गाडीत दिसतं.

सुरू करण्यापासून

चावी फिरवा आणि लगेच स्टार्टर मारू नका. दोन सेकंद थांबा. टाकीतला पंप लाइनमध्ये दाब भरतो, दिवे लागून विझतात. मग ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता सुरू करा. आयडल आधी हजाराच्या वर जाईल, मग हळूहळू खाली येईल. ऑइलचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे. वरून दोन-तीन सेकंद खळखळ आली तर ती बहुधा दोन कॅमशाफ्टमधल्या छोट्या चेनच्या टेन्शनरची असते, कारण तो ऑइलच्या दाबावर ताठ होतो. दोन-तीन सेकंद ठीक. दहा सेकंद येत असेल तर ते काम डायरीत लिहा.

सीट बेल्ट, आरसे, गेट उघडणारे काका, एवढ्यात वीस-तीस सेकंद जातात. तेवढं पुरे. निघा.

अंगणात पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवायची सवय पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या काळातली. चोक ओढून कार्ब्युरेटरची गाडी तापवल्याशिवाय ती धड चालायचीच नाही. इंजेक्शनच्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही, उलट तोटा आहे. थंड असताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल जास्त सोडतो, न जळलेलं पेट्रोल बोअरवरची ऑइलची फिल्म धुऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. आयडलवर इंजिनावर भार नसल्याने ते तापतंही हळू. म्हणजे वाईट काळ लांबवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

पहिले तीन-चार किलोमीटर: अडीच हजार आरपीएमच्या आत, आणि हे महत्त्वाचं, पाय हलका. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमलाच हजर होतो. त्यामुळे 'मी तर दोन हजारच्या वर गेलोच नाही' याला काही अर्थ नाही. दोन हजारवर पाचव्या गिअरमध्ये पाय तळाशी दाबला तर टर्बो पूर्ण बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, देतो आणि बेअरिंगवर येणारा भार चार हजारवर हलक्या पायाने चालवण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. थंड इंजिनात आरपीएमपेक्षा पायाचा भार आधी सांभाळा.

घर घाटाच्या पायथ्याशी असेल, म्हणजे खोपोलीत राहता आणि निघाल्या निघाल्या बोरघाट चढायचाय, तर वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडवू नका. एक गिअर खाली, अडीच-तीन हजार आरपीएम, अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटर, डावी लेन. मागचा ट्रकवाला हॉर्न देईल. देऊ द्या.

काटा नव्वदवर आला की साडेतीन हजारपर्यंत मोकळीक, बूस्ट थोडा थोडा घ्यायला हरकत नाही. काटा स्थिर झाल्यावर आणखी आठ-दहा किलोमीटर चालत्या रस्त्यावर गेल्यानंतर इंजिन सगळ्याला तयार असतं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास घालवला तर तो यात धरू नका. रांगेत कूलंट नव्वदवर येतं, पण ऑइल मागे राहिलेलं असतं. या इंजिनात ऑइल फिल्टरच्या वर कूलंटशी जोडलेला छोटा ऑइल कूलर आहे. तो सकाळी ऑइल तापवायला मदत करतो आणि घाटात थंड करायला, पण तो जादू करत नाही.

गाडी फक्त घर ते स्टेशन, दोन किलोमीटर जात असेल तर ऑइल कधीच तापत नाही, त्यात पाणी आणि पेट्रोल साचत राहतं. पावसाळ्यात फिलर कॅपच्या आत ताकासारखा पांढरट थर दिसतो तो हाच. हेड गॅसकेट गेली म्हणून लगेच घाबरू नका. आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर न्या, मग पुन्हा बघा. कूलंट कमी होत असेल तर मात्र गॅसकेटचा संशय खरा.

महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना फ्यूएल पंपचा फ्यूज काढा, आठ-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझला की फ्यूज लावून नेहमीसारखी सुरू करा. कोरड्या टर्बोला एवढीच दया पुरते.

थांबतानाचं थोडक्यात: घाट चढून वर आलात, तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा आणि बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर राहू द्या. शहरात नेहमीसारखं चालवून आल्यावर थांबायची गरज नाही. पाच-पाच मिनिटं टर्बो थंड करत बसणारे लोक पेट्रोल जाळतात, बाकी काही नाही.

काटा नव्वदवर येतच नाही?

हायवेला काटा ऐंशीच्या खाली घसरत असेल आणि सिग्नलला परत चढत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. तो साधारण ८७ अंशांना उघडायला हवा. आपल्याकडचे काही मेकॅनिक 'आपल्या हवेत गरज नाही' म्हणत थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. असं गॅरेज सोडा. इंजिन कायम अर्धवट गार राहिलं की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, ऑइल पातळ होतं, मायलेज पडतं, आणि वर सांगितलेला वाईट काळ दिवसभर चालतो.

दुसरा गुन्हेगार तापमानाचा सेन्सर. या गाडीत एकाच प्लास्टिकच्या कवचात दोन सेन्सर आहेत, चार पिना: दोन डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन ईसीयूसाठी. त्यामुळे काटा बरोबर दाखवतो आणि ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, असं सहज होऊ शकतं. सकाळी सुरू होताना रडणं, काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि काटा मात्र शहाण्यासारखा. ओबीडीचं (गाडीतले दोष आणि आकडे वाचणारं) साधं ब्लूटूथ यंत्र लावून रात्रभर उभ्या गाडीवर चावी फिरवा: कूलंटचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच हवा. नसेल तर सेन्सर बदला, आणि त्याची ओ-रिंग नवीनच घाला. सेन्सर ज्या प्लास्टिकच्या फ्लँजमध्ये बसतो, तोही वयाने तडकतो. तिथे गुलाबी वाळलेले डाग दिसतात का ते टॉर्च मारून बघा.

कूलंटचं एवढंच: गुलाबी जी१२ किंवा त्याचा पुढचा प्रकार, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. मूळचा जी१२ कोपऱ्यावरच्या दुकानातल्या हिरव्यात मिसळला की तपकिरी चिखल होतो.

ऑइल बदलणं

कंपनीचं वेळापत्रक १५,००० किलोमीटरचं होतं. नव्या गाडीला ते चाललं असेल. वीस वर्षांच्या टर्बोला ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. ऑइल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० असं छापलेलं. 'युरोपियन गाड्यांसाठी' एवढंच लिहिलेलं असेल तर डबा परत ठेवा. फिल्टरसकट साडेचार लिटरच्या आसपास लागतं.

पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट-गरम करा. सपाट जागा, जॅक, आणि जॅकखेरीज घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, कितीही घाई असो. खालचं प्लास्टिक कव्हर टॉर्क्स स्क्रूंवर असतं. निम्मे स्क्रू आधीच्या कुणीतरी हरवलेले असतात, ते आणून ठेवा. वरची फिलर कॅप सैल करा, मग चेंबरचा बोल्ट काढा. चेंबर अ‍ॅल्युमिनिअमचा आहे, दोन गोष्टींनी मरतो: अवाजवी स्पीडब्रेकर आणि अवाजवी ताकद. बोल्ट नव्या वॉशरसह ३० न्यूटन मीटर, म्हणजे लांब पान्याच्या टोकाला एका हाताचा बेताचा जोर. 'अजून एक धक्का' देणाऱ्यांनीच या गाड्यांचे आटे खाल्ले आहेत.

फिल्टर कूलरच्या खाली लटकतो. काढल्यावर जुनी रबर रिंग वर चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर पहिल्याच रेसला सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा, हाताने बसवा, पान्याने नाही.

चार लिटर भरा, सुरू करा, दिवा विझला की अर्धा मिनिट चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक. डिपस्टिकच्या नळीचं नारिंगी प्लास्टिकचं तोंड या वयात बिस्किटासारखं कुरकुरीत झालेलं असतं. काडी ओढली की तुकडे पडतात, आणि ते आत गेले तर चेंबर उतरवावं लागतं. काडी सरळ वर ओढा, तुटलं असेल तर उरलेले तुकडे आधी पकडीने बाहेर काढा, मग नवं तोंड बसवा. भाग स्वस्त आहे.

जुना फिल्टर कापून बघायचा. कागदाच्या घड्या उलगडा, पांढऱ्या कापडावर दाबा. काळं चालेल. चमचमणारं काही दिसलं तर आनंद आवरा, तो इंजिनातला झिजलेला धातू असतो.

गाळ

या इंजिनाचं खरं दुखणं हेच. टर्बोच्या उष्णतेने ऑइल जळतं, गाळ चेंबरमध्ये बसतो आणि ऑइल पंपाच्या नळीवरची जाळी बुजवतो. अमेरिकेत तर याच इंजिनाच्या, पसाटमध्ये उभ्या बसवलेल्या, आवृत्तीवरून एवढ्या तक्रारी झाल्या की फोक्सवॅगनला वाढीव हमी द्यावी लागली. ऑक्टाव्हियात इंजिन आडवं आहे, ऑइल जास्त मावतं, त्रास कमी. पण साधं ऑइल घातलेली, पंधरा-पंधरा हजारांनी सर्व्हिस झालेली गाडी घेतली असेल तर समजून चाला की गाळ आहे.

फिलर कॅप काढून आत टॉर्च मारा. मधाच्या रंगाचा पातळ थर ठीक. डांबरासारखा काळा, नखाने खरवडता येणारा थर असेल तर चेंबर उतरवून जाळी काढा, साफ करा किंवा नवी घाला. इंजिन फ्लशची बाटली इथे ओतू नका. फ्लश गाळ सोडवतो, आणि सुटलेला गाळ जातो कुठे? त्याच जाळीवर. आधी यांत्रिक सफाई, मग दोन-तीन वेळा ऑइल तीन हजार किलोमीटरांवर बदला. चांगलं ऑइल आपोआप हळूहळू साफ करतं.

आणि धावताना लाल ऑइलचा दिवा तीनदा टीं-टीं करत लागला तर बाजूला घेऊन तिथल्या तिथे बंद. 'पुढच्या पंपापर्यंत' नाही. ऑइलची पातळी बरोबर असेल तर टो करून न्या आणि सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून दाब मोजायला सांगा. ऑइल ८० अंशांवर, २,००० आरपीएमला २ बारच्या खाली असेल तर दोष सेन्सरचा नाही.

प्लग, कॉइल, आणि सुकलेले होज

प्लग पीएफआर६क्यू, गॅप ०.८ मिलिमीटर, ३० न्यूटन मीटर, थंड इंजिनावर. कॉइल सरळ वर ओढा. कनेक्टरच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, छोट्या स्क्रूड्रायव्हरने हळू उचला. गाडी मिसिंग मारत असेल आणि कोड पी०३०२ असेल, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर टाका. कोड पी०३०४ झाला की कॉइल दोषी, नवा सेट न घेता एक घेऊन भागतं. एक गेली की बाकीच्या फार मागे नसतात, डिकीत एक स्पेअर असू द्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना मात्र पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं.

होजचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, कारण ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेले असतात. क्रँककेसची वाफ परत ओढणारे हे रबरी पाइप ऑइल आणि उष्णतेने एक तर मऊ चिकट होतात किंवा तडकतात. आयडल वरखाली, मिश्रण पातळ असल्याचे कोड, टर्बोचा बूस्ट येताना अडखळणं: अर्ध्या तक्रारी इथल्या. हवा कुठून शिरते ते बोटाने शोधत बसू नका, धुराची चाचणी करणारं गॅरेज शोधा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. टर्बोच्या बाजूचा डायव्हर्टर व्हॉल्व्हही काढून बघा: आतला पडदा हाताने दाबा, वरचं भोक अंगठ्याने बंद करा आणि सोडा. पडदा दाबलेलाच राहिला तर चांगला, परत वर आला तर फाटलाय.

पेट्रोलच्या लाइनचंही वय झालंय, आणि त्यात आता ई२०. ही गाडी बनली तेव्हा वीस टक्के इथेनॉल कुणाच्या गणितात नव्हतं. बोनेटखालचे जुने रबरी फ्यूएल होज बदलून इथेनॉल सोसणारे घाला, वासावर लक्ष ठेवा, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ऑक्टेन ९५ च्या खाली नको.

टायमिंग बेल्ट

इथे पैसे वाचवू नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, आणि व्हॉल्व्ह वीस आहेत. पुस्तिकेतला आकडा काहीही असो, ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं. किलोमीटर कमी झाले म्हणून वर्षं मोजायची थांबत नाहीत, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बेल्टसोबत टेन्शनर, रोलर, त्याचा हायड्रॉलिक डँपर आणि वॉटर पंप, सगळं एकदमच. पंप याच बेल्टवर फिरतो, आणि मूळच्या पंपाचा प्लास्टिकचा पंखा शाफ्टवर सैल होऊन इंजिन तापवल्याची उदाहरणं भरपूर आहेत. धातूच्या पंख्याचा घ्या. जुने भाग परत मागून घ्या, गाडीतून खरंच निघाले याचा तोच पुरावा. तारीख आणि किलोमीटर बेल्टच्या कव्हरवर मार्करने लिहून ठेवा. गाडी विकत घेताना तिथे काही लिहिलेलं नसेल तर बेल्ट कधीच बदललेला नाही असं धरा.

सगळं झाल्यावर

शंभर किलोमीटरनंतर ऑइलची पातळी, चेंबरचा बोल्ट, कूलंटची टाकी पुन्हा बघा. मग इंजिन पूर्ण तापवून, वर सांगितल्याप्रमाणे, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदा पूर्ण दाबा आणि शेजारी बसलेल्याला लॅपटॉपवर व्हीसीडीएस (फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) धरू द्या. ग्रुप ०२० मध्ये चारही सिलिंडरचं नॉकमुळे, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्यामुळे, मागे घेतलेलं ठिणगीचं टायमिंग दिसतं: शून्य ते तीन अंश झकास, सतत सहाच्या वर असेल तर पेट्रोल, प्लग किंवा तापमान यांपैकी काहीतरी बिघडलंय. ग्रुप ००३ मध्ये हवेचा आकडा सेकंदाला साधारण १२० ग्रॅमपर्यंत जायला हवा. खूपच कमी पडला तर एअर मास सेन्सर किंवा गळका होज. एकाच सिलिंडरचा आकडा बिघडत असेल तर कॉम्प्रेशन मोजा: ९ बारच्या वर हवं, ७ च्या खाली इंजिन थकलं, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. तिथून पुढे पाना खाली ठेवून इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीकडे जायचं.